घट्ट बसवलेली पिन

साठी उलटली, केस पिकले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळा बाजार त्याला धाकटा मिस्त्रीच म्हणे. थोरला मिस्त्री म्हणजे त्याचा दादा. धंदा दोघांचा एकच, जुनी पिस्तुलं दुरुस्त करायची. जुनी म्हणजे इतकी जुनी, की त्यांतून आता गोळी सोडा, धूरसुद्धा निघायचा नाही. हौशी माणसं ती विकत घेतात, दिवाणखान्यात टांगतात, आणि एक दिवस पाहुण्यांना दाखवायला उतरवतात तर नळी हातात आणि दस्ता पायावर.

या पिस्तुलांची सगळी भिस्त एका पिनेवर असते. काडीएवढी लोखंडी पिन दस्त्याच्या लाकडातून आरपार जाते आणि नळीला धरून ठेवते. वर्षानुवर्षांनी लाकूड सुकतं, भोक झिजतं, पिन ढिली होते. ती पुन्हा घट्ट करण्यात धाकट्याचा जन्म गेला, आणि आता त्याला या कामाचा वीट आला होता. सकाळी दुकान उघडायचं जिवावर येई. दिव्याखाली वाकलं की मान धरायची, भिंगातून पाहिलं की डोळ्यांना धार लागायची. बायको म्हणायची, "लोकांच्या पिना आवळता आवळता तुमचेच खिळे ढिले झालेत." त्याला हसू यायचं, पण हसायलाही अंगात बळ लागतं.

दादा आता दुकानात येत नसे. त्याला काही आठवेनासं झालं होतं. धाकटा भेटायला गेला की तो परक्या माणसाला म्हणावं तसं "बसा" म्हणे आणि खिडकीकडे तोंड फिरवी. ज्याने कान पिळून पिळून हातात कानस धरायला शिकवलं, त्याने आपल्याला अहोजाहो करावं? धाकट्याला ते शिवीपेक्षा लागायचं. मग त्याने जाणंच कमी केलं.

एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी कापडात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. ते दादाचं स्वतःचं, कायम त्याच्या उशाशी असायचं.

"भावजी, याची पिन सारखी पडते हो," वहिनी म्हणाल्या. "दिवसातून किती वेळा खाटेखाली शिरायचं? माझी कंबर गेली, सुनेचं डोकं गेलं. अशी बसवा की पुन्हा निघायचं नाव नको."

धाकट्याने भिंग लावलं. भोकाच्या एका बाजूचं लाकूड गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. कुणाचा तरी अंगठा तिथे रोज फिरत असणार. त्याने ते पाहिलं, पण विचारलं काही नाही. दमलेला माणूस विचारत बसत नाही, काम उरकतो.

काम मात्र त्याने चोख केलं. झिजलेल्या भोकात कठीण लाकडाची खुंटी सरस लावून बसवली, ती वाळल्यावर तिच्यातून नवं भोक पाडलं, केसभर लहान. पिन ऐरणीवर ठेवून मधोमध हलकेच चेपली, म्हणजे तिचं पोट फुगतं आणि ती लाकडात गच्च बसते. मग मेण लावून टकटक करत आत घातली. वरून नख फिरवलं तर पिन कुठे आहे ते कळेना. बऱ्याच दिवसांनी तो स्वतःवर खूश झाला.

पुढच्याच आठवड्यात वहिनी पुन्हा दारात. या वेळी रिकाम्या हातांनी. स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"हे जेवत नाहीत हो भावजी."

"का? काय झालं?"

"रोज अंगठ्याने ती पिन काढायचे. नळी पुसायचे, परत बसवायचे, 'झालं' म्हणायचे आणि मग पानावर यायचे. आम्हाला वाटायचं, नुसता चाळा. आता दाबतात, दाबतात, पिन हलत नाही. अंगठा सोलवटून घेतलाय. ताट पुढे केलं की सरकवतात, काम राहिलंय म्हणतात."

धाकट्याने तिथल्या तिथे हत्यारं पिशवीत भरली आणि वहिनींबरोबर निघाला.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ती पिन ठोकून बाहेर काढली आणि कानस घेतली. पिन घासून बारीक करायची, हे या धंद्यात पाप. हात पुढे होईना. शेवटी दात-ओठ खात त्याने घासली, अंगठ्याने सहज सरकेल इतकी. तशाच आणखी मूठभर पिना कापून वहिनींना दिल्या. "पडली तर शोधू नका. दुसरी घाला."

मग त्याने पिस्तूल दादाच्या मांडीवर ठेवलं. दादाने अंगठा टेकवला, पिन सुळकन बाहेर आली. त्याने ती चिमटीत फिरवली, उजेडात धरली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्याने धाकट्याकडे सरळ पाहिलं.

"ही तू घासलीस?"

"हो."

"पिन घासतात का रे गाढवा? लाकूड कोण भरणार?"

"चुकलो, दादा."

"चुकला नाहीस, कंटाळा केलास. तुझ्याच्याने नाही व्हायचं हे काम. उद्यापासून दुकानात येऊ नकोस."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. दादाने नळी पुसली, पिस्तूल जोडलं, "झालं" म्हणाला आणि ताट मागितलं. वाढलेलं सगळं जेवला. धाकटा समोर बसून बघत होता, पण दादाने परत काही त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी तो अंथरुणातच. बायकोने कपाळाला हात लावून पाहिलं. "का हो, बरं नाही का? दुकानात नाही जायचं?"

"दादाने काढून टाकलंय मला," तो म्हणाला आणि पांघरूण डोक्यावर ओढून ढसाढसा रडला.