पोलादपूरला डावीकडे

दापोलीचं प्रवासवर्णन लिहायचं मी कबूल केलं होतं. वरंधा घाट बाईमाणसाला झेपेल का, वाटेत खायला काय मिळतं, असे प्रश्नही इथे दोघीतिघींनी विचारून ठेवले होते. तेव्हा आधीच सांगून टाकते, आम्ही दापोलीला पोहोचलो नाही. पण घाटाचं सांगते. गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र कुठलं घ्यावं तेही सांगते, कारण हा प्रवास खरं तर तिथूनच सुरू झाला.

आमचे हे खडकीला कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणजे नवऱ्याला नावानं हाक मारणार, अशी माझ्या सासूबाईंना धास्ती होती. लग्नानंतर कधी मारली नाही, 'अहो'च म्हटलं.) सगळा जन्म रेघा आखण्यात गेल्यामुळे असेल, पण ह्यांना रस्ता डोक्यात आखलेला लागायचा. कुठेही निघायचं झालं की गाडी सुरू करण्याआधी ते वाटेतली गावं ओळीनं म्हणत. दापोलीची ओळ तर आमच्या लेकीला, केतकीला, बडबडगीतासारखी पाठ होती: कापूरहोळ, भोर, वरंधा, बिरवाडी, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, दापोली. मग ते माझ्याकडे बघायचे. मी "बरोबर" म्हणायचं आणि मगच किल्ली फिरायची. त्यातलं मला फारसं कळायचं असं नाही, पण माझ्या 'बरोबर'शिवाय आमची गाडी कधी हलली नाही.

गेल्या वर्षी हे कर्वे रस्त्यावरून कोथरूडला घरी येताना हरवले. वारज्याच्या पुलाखाली सापडले. गाडी नीट कडेला लावलेली, हात मांडीवर. "जरा आठवतोय," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा मागे फिरणारा आजार नव्हे, हेही सांगितलं. गाडी चालवणं बंद झालं. आता मी चालवायचं ठरलं. साठीला टेकल्यावर मी ड्रायव्हिंग क्लास लावला. जुनी गाडी माझ्या हाताला जड जायची म्हणून लहान, नवी गाडी घ्यायची ठरली. केतकी वाघोलीला राहते आणि आयटीत आहे. तिनं एकच अट घातली: गाडीत नॅव्हिगेशन हवं. तिचं चुकीचं नव्हतं. रस्ता सांगणारं माणूसच रस्ता विसरायला लागलं होतं आणि मला तर आयुष्यभर फक्त 'बरोबर' म्हणायची सवय.

शोरूममध्ये कंपनीनंच बसवलेलं यंत्र बघितलं. खोटं कशाला बोलू, सुरेख होतं. डॅशबोर्डच्या मधोमध मोठा पडदा, आवाज गाडीच्याच स्पीकरमधून, कुठे वायर लोंबत नाही. फक्त ते सगळ्यात वरच्या मॉडेलमध्येच मिळतं आणि नकाशे नवे करायचे तर शोरूमलाच यावं लागतं. विकणाऱ्या मुलीनं ह्यांना पुढच्या सीटवर बसवून यंत्र चालू करून दाखवलं. आतून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्या बाई पुढे बसणार?" त्यांनी विचारलं.

ती मुलगी हसून म्हणाली, "हो काका, कायम."

"मग मी कुठे बसू?"

तिला वाटलं काका गंमत करताहेत. ह्यांची गंमत करतानाची भुवई मला माहीत आहे, ती वर गेलेली नव्हती. मी विचारलं, हिला गप्प करता येतं का. आवाज बंद होतो, पण पडदा उजळलेलाच राहतो, बाण सरकत राहतात, असं तिनं दाखवलं. रस्ता विसरलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसभर तो बाण. मला ते बघवेना.

मग आम्ही लक्ष्मी रोडच्या अलीकडे गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. काचेला रबरी कपानं चिकटवायचं, तळहाताएवढं यंत्र. पडदा लहान, उन्हात नीट दिसत नाही, कप तापला की सुटतो, गाडी लावली की आठवणीनं काढून ठेवावं लागतं नाहीतर चोरीला जातं. हे सगळे दोष दुकानदारानं स्वतःच सांगितले, जणू मी ते घेऊ नये म्हणून. मी विचारलं, "प्रवासात मधेच काढून ठेवता येतं ना? पटकन?"

"बाई," तो म्हणाला, "लोक विचारतात नीट चिकटतं का. सुटतं का, हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मी तेच घेतलं. केतकी रागावली, बाबांची काळजी आहे की नाही, म्हणाली. होती. पण माझ्याजवळ काळज्या दोन होत्या. ते हरवू नयेत, ही एक. आणि अजून जेवढा रस्ता त्यांच्याजवळ शिल्लक आहे तेवढा तरी त्यांनीच मला सांगावा, तो त्यांच्याआधी दुसऱ्या कुणी सांगून टाकू नये, ही दुसरी. ह्या दोन्ही काळज्या मावतील असं यंत्र शोरूमवाल्यांकडे नव्हतं.

पहाट सरता सरता कोथरूडहून निघालो. यंत्र डॅशबोर्डखालच्या कप्प्यात, ह्यांच्या गुडघ्यांसमोर. मी विचारलं, "म्हणा." कापूरहोळ, भोर, वरंधा हे नीट आलं. मग थांबले. बिरवाडी आलंच नाही, महाड मीच हळूच पुढे केलं. पोलादपूर म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. मी "बरोबर" म्हणून किल्ली फिरवली.

कात्रजच्या बोगद्यापलीकडे टोल भरला की मोठा रस्ता सरळ आहे. कापूरहोळला उजवीकडे वळायचं. ते ह्यांनी वेळेवर सांगितलं आणि मला केवढा आनंद झाला. भोरला मिसळ खा, पण पाव सांभाळून, पुढे वळणं आहेत. भोर सुटल्यावर धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेकडेनं बराच वेळ सोबत करतं. रस्ता अरुंद आणि मधेमधे खड्डे, घाई असेल तर ह्या वाटेला येऊच नका.

घाटाबद्दल ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: झेपतो. गर्दी कमी असते, वळणं मात्र आंधळी. हे शेजारून "हॉर्न... दुसरा गिअर... आता बाहेरून घे" असं सांगत होते, एकदाही न चुकता. गावांची नावं गेली होती, पण घाट त्यांच्या अंगात होता. वाघजाई देवीपाशी थांबलो. तिथं टपऱ्यांवर गरम कांदाभजी आणि चहा मिळतो. माकडांपासून पर्स जपा. भजीवाल्या मावशी माझ्याकडे बघून ह्यांना म्हणाल्या, "काकू गाडी चालवत्यात व्हय? मग तुम्ही काय करता?"

"मी रस्ता सांगतो," हे म्हणाले.

महाडला जेवलो. महाड ह्यांचं गाव, पण आता तिथं आमचं कुणी उरलेलं नाही. खानावळीत मासे ताजे होते, सोलकढी मात्र पातळ. जेवताना ह्यांनी दोनदा मला विचारलं, आपण कुठे निघालोय. दोनदा मी दापोली म्हटलं.

पोलादपूरला दोन रस्ते फुटतात. सरळ गेलं की कशेडी घाट, खेड आणि दापोली. डावीकडे वळलं की आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर. फाट्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि मुद्दाम विचारलं, "पोलादपूर आलं. पुढे?"

ते ताठ बसले. "पोलादपूर, कापडे, आंबेनळी, वाडा, महाबळेश्वर, पाचगणी." एका दमात. सकाळपासून एकही ओळ अशी आली नव्हती. त्याआधीच्या कितीतरी महिन्यांत आली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले, नेहमीसारखे.

ही ओळ कुठून आली, ते मला लगेच कळलं. लग्नाआधी मी पाचगणीला एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवत होते, तिथल्याच हॉस्टेलवर राहत होते. हे शनिवारी पुण्याहून महाडला आईकडे यायचे आणि मामाकडे जातो सांगून स्कूटरवरून हा घाट चढून मला भेटायला यायचे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

यंत्र समोरच्या कप्प्यात होतं. दापोलीची खोली सांगून ठेवलेली होती. चुकताय, असं म्हणणं अगदी सोपं होतं, आणि खरंही. मी "बरोबर" म्हटलं आणि डावीकडचा इंडिकेटर लावला.

आंबेनळीचा घाट वरंध्यापेक्षा लांब आहे. झाडी दाट, प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत माणूस फारसं दिसत नाही. हे सबंध वाट बोलत होते. इथं एकदा चाक पंक्चर झालं, ह्या वळणावर धुक्यात म्हैस आडवी आली. हे मला सांगताहेत असं समजून मी ऐकत होते. महाबळेश्वरच्या पुढे रस्त्यालगत स्ट्रॉबेरीवाले बसले होते. थांबू का विचारलं, तर म्हणाले, येताना घेऊ, आता उशीर होतोय.

पाचगणीत शाळेचं फाटक अजून तिथंच आहे, फक्त रंग बदललाय. ते दिसताच त्यांनी हात वर केला.

"इथं बाजूला घ्या. तुम्ही थांबा हं थोडं. ती चारला सुटते."

लग्न झाल्यापासून ह्या माणसानं मला कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. ते काचेतून फाटकाकडे बघत होते, बोटांनी केस मागे सारत होते. जे केस आता आहेत तेवढे.

काय करायला हवं होतं, मला माहीत नाही. मीच ती, हे सांगितलं असतं तर त्यांनी सभ्यपणे मान हलवली असती. मी उतरले, फाटकापाशी गेले आणि वॉचमनला सांगितलं, मी इथं शिकवत होते, जरा आत उभी राहू का? तो म्हणाला, राहा की. आत गेले. सिल्व्हर ओकच्या सालीचा वास तसाच होता. मग वळले आणि फाटकातून बाहेर आले, आणि तेव्हा मारत असे तशी हाक मारली.

"माधव."

त्यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. चेहरा उजळला होता.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"वह्या तपासायच्या राहिल्या होत्या."

"चल, चहा घेऊ."

चहा घेतला. तेव्हा आम्ही चहा घ्यायचो त्या बाजारातल्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, म्हणून शेजारच्या टपरीवर घेतला. कप अर्धा झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "आपण दापोलीला आलो का गं?" मी म्हटलं, "नाही हो. ह्या वेळी पाचगणी."

मुक्काम तिथंच एका साध्या लॉजवर केला. गरम पाणी सकाळीच मिळतं, खोली स्वच्छ. दापोलीच्या खोलीच्या मालकांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांची ओळख, त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "पुढच्या वर्षी या वहिनी, समुद्राकडची खोली ठेवतो." मी बरं म्हटलं. मग केतकीचा फोन आला.

"आई, पोचलात?"

"पाचगणीला आहोत."

"पाचगणी? यंत्र लावलं नव्हतंस?"

"नव्हतं."

"मग रस्ता कुणी सांगितला?"

"बाबांनी."

ती म्हणाली, "जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी विचारलं, "म्हणा." ते माझ्याकडे बघत राहिले. पाचगणी, वाई, खंबाटकी, पुणे, एवढीशी ओळ. पहिलं नावही येईना. त्यांनी प्रयत्न केला, ओठ हलले. मग त्यांनी स्वतःच समोरचा कप्पा उघडला, यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते काचेला चिकटवलं. सहज चिकटलं.

पसरणीचा घाट उतरताना यंत्रातली बाई बोलायला लागली. गावांच्या नावांची तिनं दैना केली, वाई तर ओळखूच आली नाही. पण वळणं ठीक सांगत होती. सुरूरला मोठ्या रस्त्याला लागायचं तेव्हा ती म्हणाली, डावीकडे वळा. आणि शेजारून, हळू पण स्पष्ट, आवाज आला, "बरोबर."

मी रस्त्यावरची नजर काढली नाही. खंबाटकीच्या बोगद्याआधी ती बोलली, हे म्हणाले, बरोबर. कात्रजला, वारज्याला. प्रत्येक वळणाला. इतकी वर्षं जे काम माझं होतं ते त्यांनी घेतलं होतं, आणि सांगण्याचं काम, मला द्यायचं सोडून, काचेवरच्या त्या बाईला दिलं होतं.

तर कुठलं यंत्र घ्यावं? रोज गाडी लागत असेल आणि शेजारी बसणाऱ्याला काही फरक पडत नसेल, तर कंपनीचंच घ्या, डोक्याला ताप नाही. आमचं सुटं यंत्र आता काचेवरच असतं. काढायची वेळ नंतर आली नाही. केतकी म्हणते, एवढं होतं तर आधीच चांगलं घेतलं असतं. तिला पोलादपूरचं अजून सगळं सांगितलेलं नाही, इथं वाचेल. यंत्र कप्प्यात राहिलं त्या एका दिवसासाठी मी तेच पुन्हा घेईन.

त्या दिवशी कोथरूडला सोसायटीच्या दारात गाडी थांबवली. यंत्रातल्या बाईनं सांगितलं की आपण आपल्या ठिकाणी पोहोचलो आहोत. मी ह्यांच्या 'बरोबर'ची वाट बघितली. ते खाली वाकून काचेतून आमच्या इमारतीकडे बघत होते, एकेक मजला वर. मग माझ्याकडे वळले.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं, आणि दार उघडायला पलीकडच्या बाजूला गेले.