बाटलीवाल्या मॅडम

नोटीस हातात पडल्यावर माणूस आधी कागदाकडे आणि मग कागद आणणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. प्रदूषण खात्याच्या क्षेत्र अधिकाऱ्याच्या वाट्याला तीच येते. रोह्याच्या मॅडमना मात्र ती कधी भेटली नाही. त्या नोटीस द्यायच्या आणि ज्याला दिली त्याच्याच ओटीवर टेकून प्यायला पाणी मागायच्या. तो माणूस पाणी आणायचा, त्यांना फाटकापर्यंत पोचवायला यायचा आणि वर विचारायचा, "मॅडम, आता परत कधी येणार?" हे मला नोकरीत आजवर कुणी विचारलेलं नाही. मी परत येऊ नये, एवढीच लोकांची माझ्याकडून अपेक्षा असते.

आमचा हुद्दा एक. पेण माझ्याकडे, रोहा त्यांच्याकडे. मी पेणचाच, इथल्या गल्ल्या आणि गटारं लहानपणापासून पाहिलेला. त्या जळगावकडच्या, रोह्यात सून म्हणून आल्या आणि पुढे बदली मागून तिथेच राहिल्या. खांद्याला एक कापडी पिशवी आणि तिच्यात पाण्याचे नमुने घ्यायच्या पांढऱ्या बाटल्या, अशा त्या कुठेही उगवायच्या. खाडीकाठच्या गावांतून त्यांचं नावच 'बाटलीवाल्या मॅडम' पडलं होतं. एकदा नव्याने आलेल्या आमच्या साहेबांनी हे नाव ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "या दारूबंदीकडून आल्यात का?" सगळे हसले, मीही हसलो. पण पेणमध्ये मला काय म्हणतात ते आठवून हसू लवकर आवरलं. मला 'नोटीस' म्हणतात. "नोटीस आली," म्हणजे मी आलो.

बाटल्या माझ्याही गाडीत असायच्या. फरक इतकाच की मी पाणी भरून घ्यायला शिपायाला खाली उतरवायचो आणि मॅडम स्वतः नाल्याच्या काठाशी उकिडव्या बसायच्या. बाटली नाकाशी धरायच्या, डोळे बारीक करायच्या. "म्हात्रेसाहेब, वास कागदावर येत नाही," असं त्या मला म्हणायच्या. माझे अहवाल त्यांच्यापेक्षा नीटनेटके असत, कोर्टात टिकत. आढावा बैठकीत साहेब माझा अहवाल चाळून "ठीक आहे" म्हणायचे आणि मॅडमकडे वळून खुर्ची पुढे ओढायचे. "हं, सांगा, काय पाहिलंत?" मी तिथेच शेजारी बसलेला असायचो.

त्यांची दुसरी सवय म्हणजे त्या 'नियम' हा शब्द वापरत नसत. कारखानदार असो की गणपतीवाला, त्या एकच विचारायच्या, "तुमचं पाणी जातं कुठं?" समोरचा गटाराकडे बोट दाखवायचा. मग त्या म्हणायच्या, "चला, बघून येऊ." आणि त्या माणसाला बरोबर घेऊन गटाराच्या कडेकडेने चालू लागायच्या.

माझा शाळेतला मित्र विजू याचा पेणमध्ये मूर्तींचा कारखाना आहे. रंगाचे डबे, ब्रश धुतलेलं पाणी, सगळं मागच्या गटारात. टाकी बांध, गाळ खाली बसू दे आणि वरचं पाणी सोड, हे मी त्याला चहा पिताना सांगितलं, रागावून सांगितलं, शेवटी नोटीस दिली. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, टाकी काही बांधली नाही. पुढे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि तेवढ्या दिवसांसाठी पेणचा कार्यभार मॅडमकडे गेला. रजा संपवून आलो तर विजूच्या कारखान्यामागे नवी कोरी टाकी.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"मॅडम आल्या होत्या ना."

"मी दोन वर्षं तुला काय सांगत होतो?"

"तू सांगत होतास," विजू म्हणाला, "त्या मला घेऊन गेल्या. आपलं गटार पार खाली माझ्या आतेच्या भाजीच्या वाफ्यात जातं, माहीताय तुला? आते तिथं हिरव्या पाण्यात उभी राहून माठ खुडत होती. मॅडम काय बोलल्या नाय. मीच म्हटलं, बांधतो."

ते गटार तिथवर जातं हे मला ठाऊक होतं. माझ्या नोटिशीत तसं स्पष्ट लिहिलंही होतं. घरी आलो तर आई म्हणाली, "त्या रोह्याच्या मॅडम तुझी चौकशी करायला येऊन गेल्या. किती साध्या रे. पोह्याचे पापड दिले मी त्यांना. परत आल्या की घरी घेऊन ये." टाकीपेक्षा मला तेव्हा ते पापड जास्त लागले.

त्यानंतर टँकरचं प्रकरण घडलं. नागोठण्याच्या खाली, पेण आणि रोह्याच्या हद्दीलगत, खाडीकाठी एक गाव आहे. एका सकाळी तिथे मेलेली मासळी काठाला लागली, आणि गावकऱ्यांनी नाल्यात काहीतरी सोडणारा टँकर अडवून ठेवला. हद्द दोघांची म्हणून आम्ही दोघेही पोचलो. ड्रायव्हरला लोकांनी समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं होतं. पंचविशीतला मुलगा, शर्ट फाटलेला. बायका पुढे, पुरुष मागे. हिराबाय नावाची म्हातारी कोळीण त्याच्यासमोर मेलेल्या बोय माशांची पाटी ठेवून उभी होती. "खा ना आता," ती त्याला सांगत होती. "आमी हेच खातो. तू पन खा."

मी रीतसर चौकशी सुरू केली. माल कुठून भरला, कुणी पाठवलं, कितव्यांदा आलास. तो खाली मान घालून एकच म्हणत होता, "मला माहीत नाय साहेब." मी पोलिसांचं नाव घेतलं, कलमं सांगितली. त्याने मान आणखी खाली घातली. मॅडम तोवर नाल्यावरून नमुने घेऊन आल्या. त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हात दाखव बरं."

त्याने हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. ते वर काढले तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बायका मागे सरकल्या. बोटांवर फोड आले होते, तळव्याची कातडी पांढरी पडून सुटत होती. टँकरचा व्हॉल्व्ह उघडताना आतलं रसायन हातांवर उडालं होतं. मॅडमनी हिराबायकडे वळून पाणी मागितलं. "मावशी, पुष्कळ लागेल. हंडा आणा."

हिराबाय क्षणभर तशीच उभी राहिली. मग पाटी बाजूला सारून आत गेली आणि हंडा घेऊन आली. मॅडम तांब्याने त्याच्या हातांवर पाण्याची धार धरून बसल्या. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण दुसरा हंडाही आला. त्या त्याला एकही प्रश्न विचारत नव्हत्या. हात धुता धुता तो मुलगा रडायला लागला आणि आपणहून बोलू लागला. रोह्याकडच्या एका छोट्या रसायन कारखान्याचं त्याने नाव सांगितलं. ते ऐकताच मॅडमच्या हातातला तांब्या थांबला. मग त्यांनी पुन्हा पाणी ओतायला सुरुवात केली.

मला वाटलं, आपण सकाळपासून याला बोलता करायला बघतोय आणि यांनी नुसतं पाणी ओतलं. तो तांब्या का थांबला ते मला संध्याकाळी कळलं. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात बॉयलरवर शिफ्ट इनचार्ज होते.

दुसऱ्याच दिवशी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "माझे मिस्टर तिथं कामाला आहेत. ही केस माझ्याकडे नको." साहेबांनी ती माझ्याकडे दिली. मॅडमनी सीलबंद बाटल्या आणि ड्रायव्हरचा जबाब माझ्या टेबलावर आणून ठेवला. "काही लागलं तर विचारा. निर्णय तुमचा," म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकं मोठं प्रकरण मला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि या खेपेला लोक नाव माझं घेणार होते. मी जीव ओतून प्रस्ताव केला. उत्पादन बंदचा आदेश निघाला, वीज तुटली, पाणी तुटलं. गेटवर आदेश चिकटवायला मी स्वतः गेलो.

कामगार आठवडाभर गेटपाशी बसून राहिले आणि मग मोर्चा घेऊन रोह्याच्या ऑफिसवर आले. मला कळताच मी पेणहून निघालो. आदेश माझ्या प्रस्तावावर निघाला होता, शिव्या खायच्या तर मीच खायला हव्या होत्या. पोचलो तेव्हा मॅडम बाहेर पायरीवर उभ्या होत्या आणि समोर रस्त्यावर सगळे बसलेले. बायका जास्त. मी गर्दीच्या कडेला थांबलो.

"कंपनी तुम्हीच बंद केली ना?" एकाने विचारलं.

मॅडम म्हणाल्या असत्या, पेणच्या म्हात्रेसाहेबांना विचारा, तर ते खरंच होतं. त्या म्हणाल्या, "नाल्याचे नमुने मी घेतले. मला विचाराल तर बंद करायलाच हवी होती."

"तुमचं काय जातं बोलायला," पुढची एक बाई उठून उभी राहिली. "तुमच्या घरात चूल पेटतेच हाय. आमच्या घरात येऊन बघा मॅडम."

तिच्या शेजारची बाई तिचा पदर ओढत खालच्या आवाजात म्हणाली, "बस गो. तिचा नवरा बघ, तिकडं आपल्यातच बसलाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. मधल्या ओळीत, रस्त्यावर मांडी घालून मॅडमचे यजमान बसले होते. मान वर करून ते बायकोकडे बघत होते. त्या त्यांच्याकडे बघत होत्या. दोघांपैकी कुणीच नजर काढली नाही. घोषणा द्यायला उभा राहिलेला माणूससुद्धा खाली बसला.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका कामगाराने तेवढ्यात मला विचारलं, "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे? पॅकिंगला का?"

केस माझी, सही माझी, कागद मी चिकटवलेला. आणि त्या गर्दीत मला शिवी द्यावी असंही कुणाला वाटलं नाही. लोकांचा राग, लोकांची माया, दोन्ही मॅडमच्याच नावावर जमा होत होतं. त्या पायरीवर त्यांच्या जागी आपण असावं असं मला वाटलं. मग मधल्या ओळीतल्या त्या माणसाकडे पाहिलं आणि वाटलं, ते मला झेपलं नसतं. पण त्याने हेवा कमी झाला नाही, उलट वाढला.

मोर्चा पांगल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. "माझं नाव सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"सांगून काय झालं असतं? ते पेणला आले असते, गाडीभाडं खर्चून." त्या घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्हात्रेसाहेब, कंपनी पुन्हा सुरू करायच्या अटी अशा लिहा की त्या पुऱ्या करता येतील. आणि पुऱ्या झाल्या की तपासायला त्याच दिवशी जा. तुमच्याकडे फाइल एक दिवस पडून राहिली तरी त्यांच्या घरात तो बिनपगाराचा एक दिवस असतो."

त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मी कधी विचारलं नाही. इकडून तिकडून कानावर येत होतं. यजमानांना कुणी उघड बोललं नाही, पण त्यांच्या घरी येणं-जाणं कमी झालं. हळदीकुंकवाला मॅडमना बोलावणं आलं नाही. पुढे यजमानांना रत्नागिरीकडच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मॅडमनी तिकडे बदली मागितली. निरोपाच्या दिवशी रोह्याच्या ऑफिसात हिराबाय सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन आली होती. मॅडमच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून म्हणाली, "तिकडं पन खाडी हाय ना गो? मग बरं." विजूने छोटा शाडूचा गणपती पाठवला होता. मी ऑफिसच्या वर्गणीतून आणलेला गुच्छ दिला. तो त्या टेबलावरच विसरल्या.

रोह्याचा कार्यभार तेव्हापासून माझ्याकडे आहे. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली तसं त्याच दिवशी दुपारी मी तपासणीला गेलो. नाल्याशी स्वतः उतरलो, उकिडवा बसलो, बाटली नाकाशी धरली. गुडघे धरले, तरी नीट वास घेतला. पाणी चांगलं होतं. मी जागेवरच अहवाल लिहिला.

कारखाना सुरू झाला त्या सकाळी गेटवर पूजा होती. आत जाणाऱ्या कामगारांबरोबर मोर्चात उभी राहिलेली ती बाईही होती. तिचा नवरा तिथे कामाला होता आणि ती त्याच्याबरोबर गेटपर्यंत आली होती. नवऱ्याने मला तपासणीच्या दिवशी पाहिलं होतं, त्याने मी कोण ते तिला सांगितलं. जवळ येऊन तिने पेढ्यांचा पुडा उघडला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, मी बंद केलेल्या दारावर मला कुणी गोड दिलेलं नव्हतं.

"साहेब, मॅडमचा नंबर हाय ना तुमच्याकडं?" ती म्हणाली. "त्यांना सांगा, कंपनी चालू झाली. हा त्यांच्या नावाचा."

मी गाडीत बसून फोन लावला. मॅडम कुठल्यातरी खाडीवर होत्या. वारा ऐकू येत होता आणि मागे कुणीतरी त्यांना नवीनच नावाने हाका मारत होतं. मी बातमी सांगितली, पेढ्याचंही सांगितलं.

"मग खा ना तुम्ही," त्या म्हणाल्या. "केस तुमचीच होती."

मी पेढा खाल्ला. चांगला ताजा होता. पण बोटं पुसताना मला पक्कं माहीत होतं की तो मला दिलेला नव्हता.