जिंकल्या जागेवरून उठायचं नसतं

मला या अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, शिट्टी वाजते, उठतात आणि परत पडतात, एवढंच मला दिसतं. पण यंदा आमच्या युनिव्हर्सिटीची टीम कुठल्या शनिवारी हरली आणि कुठल्या शनिवारी जिंकली, हे मला झोपेतून उठवून विचारा. धडाधड सांगेन.

आमचं गाव म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि बाकी सगळी थंडी. मॅचच्या शनिवारी बसचे रस्ते बदलतात, लोक आपल्या लॉनवर परक्यांच्या गाड्या लावून घेतात, देशी किराणा दुकानातला कॅशियरसुद्धा टीमच्या रंगाचा शर्ट घालून बसतो. आमचे हे इथं एमएस करायला आले तेव्हापासून त्या टीमच्या नादी लागले. सांगलीचा माणूस, क्रिकेटवर वाढलेला. इथं क्रिकेट मिळेना, म्हणून सगळं खूळ फुटबॉलवर नेऊन ओतलं, आणि खुळाबरोबर नियमही आणले. खेळाचे नाहीत, बघण्याचे. टीम चांगली खेळत असेल तर कुणी जागेवरून हलायचं नाही. पाय दुमडून बसला असाल तर तसेच बसा, मुंग्या येऊ देत. आमचे डॉक्टरभाऊजी नागपूरचे, जन्मभर लोकांची हृदयं तपासलेला माणूस. त्यांना यांनी एकदा अख्खा शेवटचा क्वार्टर बाथरूमला जाऊ दिलं नव्हतं. भाऊजीही कळवळत बसून राहिले, आणि टीम जिंकली. मग काय, नियम पक्का झाला. जिंकल्या जागेवरून उठायचं नसतं, असं हे येणाऱ्या प्रत्येकाला दारातच बजावायचे. एवढे शिकले-सवरलेले, पण अक्कल गहाण टाकलेली, असं मी मनात म्हणायचे आणि वडे तळायला घ्यायचे.

तर शनिवारचा अड्डा आमच्याकडे. कधी चार जण, कधी सहा, पण न चुकता येणारे दोघं. एक भाऊजी, आणि दुसरा पुण्याचा आयटीतला, आम्हाला काका-काकू म्हणणारा. चाळिशीचा असेल, पण आमच्यात पोरच तो.

मागच्या वर्षी यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, अगदी पहिल्यासारखं. शब्द जिभेवर यायला मात्र फार वेळ लागतो, आणि समोरच्याला तेवढा वेळ नसतो. व्यायाम शिकवायला थेरपिस्ट यायची, ती गोड मुलगी होती. वॉकर घेऊन रोज चालवा, म्हणायची. हे चालायचे नाहीत. डाव्या हाताने नको म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी विनवण्या केल्या, चिडले, एकदा ताट आपटलं. उपयोग शून्य.

फक्त शनिवारी चालायचे. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या दाढी करायला हात गालावर फिरवून खूण करायचे. आंघोळ, टीमचा तो विटलेला स्वेटशर्ट, आणि मग बेडरूमपासून फॅमिली रूमपर्यंत वॉकरने, दात-ओठ खात. मंडळी यायच्या आत आपल्या खुर्चीत बसलेलं असायला हवं. व्हीलचेअरमध्ये कुणी बघायला नको. थेरपिस्टला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, मग शनिवार सोडू नका. मी कशाला सोडतेय? आठवड्यातून तेवढा एक दिवस माझा नवरा मला परत मिळत होता.

आणि नेमका यंदाच टीमचा जुना कोच जास्त मोठ्या नोकरीवर निघून गेला आणि नवा आला. कुठल्यातरी लहानशा कॉलेजातला, तरणाताठा, सारखा च्युइंगगम चघळणारा. आल्या आल्या मॅचेस हरायला लागला.

भाऊजींनी पहिल्याच महिन्यात त्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, चेंडूला लाथ मारून हातातोंडाशी आलेले तीन पॉइंट्स घ्यायचे सोडून हा बाबा चौथ्या डाऊनला, म्हणजे अगदी शेवटच्या संधीलाही, चेंडू पुढे पळवायला जातो आणि हात हलवत परत येतो. हे शौर्य नाही, हा माज आहे. पुणेकर सोफ्यावर पुढे सरकून त्यांना समजवायचा की काका, तो सगळं डेटा बघून ठरवतो, मुलं नवीन आहेत, हे रिबिल्डिंग इयर आहे, दोन-तीन सीझन तरी द्या ना यार. भाऊजी म्हणायचे, माझ्या वयाच्या माणसाला रिबिल्डिंग इयर परवडत नाही बाप्पा. मग दोघंही हसायचे आणि परत भांडायचे. चेंडू फेकणाऱ्या त्या क्वार्टरबॅक पोराला काढा, नको काढू, जुना कोच असता तर, जुना कोच गेला ना सोडून, मग त्याचं कौतुक कशाला. माझ्या किचनपर्यंत सगळं ऐकू यायचं. घर भरल्यासारखं वाटायचं. टीम हरतेय याचं मला काडीचंही दुःख नव्हतं. हरली तर भांडण जास्त वेळ चालतं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

या भांडणात मध्येच यांचे ओठ हलायला लागायचे. मग भाऊजी टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि पुणेकराला हाताने गप्प करायचे. सगळे थांबायचे. मॅच चालू, स्टेडियम नुसतं मुक्याने ओरडतंय, आणि हे शब्द शोधताहेत. एकदा बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाईन." म्हणजे पोराला दोष देऊ नका, त्याच्या पुढे उभी राहणारी फळीच कच्ची आहे, तो फेकणार कसा. भाऊजींनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, बरोब्बर, आम्ही दोघं तासभर घसा कोरडा करतोय आणि हा एका शब्दात सांगून मोकळा. यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी किचनच्या दारातून बघितलं. भाऊजींचे ते उपकार मी विसरणार नाही. पुढे जे झालं त्यामुळे तर ते विसरणं आणखीनच अवघड झालंय.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी यांना ताप भरला. मी सगळ्यांना फोन करून उद्याचं कॅन्सल केलं. मंडळी पुणेकराच्या नव्या घरी जमली, त्याच्या बेसमेंटमध्ये. आणि तो कर्मदरिद्री कोच नेमका त्या दिवशी जिंकला.

पुढच्या गुरुवारी भाऊजींचा फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. हे टेबलाशीच बसले होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, राग मानू नका बरं. पण तुमच्याकडे बसलो की हरतो अन् तिकडे बसलो तर जिंकलो. नियम त्याचाच आहे. जिंकल्या जागेवरून उठायचं नसतं." वर म्हणाले, त्यालाही घेऊन या, आम्ही उचलून खाली नेऊ.

मी हसले. हो, मी हसले फोनवर, म्हटलं, बरं बाई, जिंका तुम्ही. फोन ठेवला आणि यांच्याकडे बघितलं. बेसमेंटचा जिना उतरायचा म्हणजे चौघांनी खांद्याला धरून पोत्यासारखं न्यायचं, ते यांना जमणार नव्हतंच. त्यांनी डाव्या हाताने नको म्हटलं. नियम आपलाच आहे म्हणून गंमत वाटली असेल, असं मला वाटलं.

माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. रात्री प्लेनोला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल देम." म्हटलं, काय सांगू? माझ्या नवऱ्याशी गप्पा मारायला या हो, असं दारोदार सांगत फिरू? ती म्हणाली, दॅट्स नॉट व्हॉट आय मेंट. मला माहीत होतं तिला काय म्हणायचंय, की बाबा फक्त शनिवारीच चालतात एवढं सांगून टाक. पण माझ्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं, आणि निघालं नाही.

त्या शनिवारी यांनी दाढी करवून घेतली. स्वेटशर्ट घातला. वॉकरने खुर्चीपर्यंत आले आणि आम्ही दोघंच टीव्हीसमोर बसलो. मी आपली काहीबाही बोलत होते, हा कोच किती चघळतो, असलं काहीतरी. टीम मार खात होती. थोड्या वेळाने यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. थकले असतील म्हणून मी त्यांना आत नेऊन झोपवलं. संध्याकाळी मोबाइलवर ग्रुपमध्ये जल्लोष सुरू झाला. मागे पडलेली टीम उलटून जिंकली होती. बेसमेंटमधले फोटो, सगळे आपापल्या जागी. मी तो निरोप यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याच्या पुढच्या शनिवारी दाढीची खूण झाली नाही. वॉकर नको, खुर्ची नको. थेरपिस्ट आली तर तिच्याकडे पाठ. पाय परत आखडायला लागले, ती मला बाजूला घेऊन सांगायला लागली. मला काय ते दिसत नव्हतं? मी देवापुढे दिवा लावला आणि स्पष्ट मागितलं की देवा, ही टीम हरू दे. चांगली सडकून हरू दे. ज्या टीमसाठी माझ्या नवऱ्याने अर्धं आयुष्य घसा फोडला तिच्याविरुद्ध मी देवाला साकडं घातलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आणि त्यापुढच्या मॅचच्या वेळी मी यांना बळेबळेच व्हीलचेअरमध्ये बसवून बाहेर आणलं. ते मान हलवत होते, मी ऐकलं नाही. टीव्ही लावला, रिमोट माझ्याकडे ठेवला. म्हटलं, बघा, आज तुमच्या मित्रांची कशी जिरते ते. आणि खरंच जिरली. काय हरली टीम! चेंडू हातातून निसटला, उचलून समोरच्याने पळवला, स्टेडियम मॅच संपायच्या आत रिकामं झालं. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. हे खाली मान घालून बसले होते. टीम हरली म्हणून वाईट वाटतंय, होईल ठीक, असं मी धरून चालले.

सोमवारी पुणेकराचा फोन. काकू, बेसमेंटची जादू संपली, शेवटची मॅच तुमच्याकडेच, काकांशिवाय मजा येत नाही. जसं काही मध्ये घडलंच नव्हतं. मीही तसंच दाखवलं. या म्हटलं, वडे करते.

त्या शनिवारी बर्फ पडत होता. मंडळी दारात बूट झटकत आत आली, सगळ्यांचे आवाज चढलेले, कोचला काढणार की ठेवणार यावर गाडीपासूनच जुंपली होती. भाऊजींनी यांची खुर्ची मोकळी ठेवली आणि स्वतः शेजारच्या जागी बसले. मी वडे तळायच्या आधी आत गेले. हे पलंगावर पडलेले, तोंड भिंतीकडे.

अहो, आलेत सगळे, मी म्हटलं. चला, मी धरते.

मान हलली. नाही.

मला वाटलं, रुसलेत. म्हटलं, रुसा हवं तर, तुमचा हक्क आहे, पण आलेत ना शेवटी, तुमच्याशिवाय करमत नाही म्हणताहेत. चला, स्वेटशर्ट घालू. तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ओठ हलायला लागले. मी थांबले. भाऊजी थांबायचे तशी थांबले.

"मी," ते म्हणाले. ओठ परत हलले, अडले. "मी बसलो... की हरतात."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. हा शब्द अगदी स्वच्छ आला, न अडखळता. आजारी पडायच्या आधी बोलायचे तसा.

मग माझ्या डोक्यात सगळं एकामागून एक यायला लागलं. त्यांनी तो टीव्ही बंद केला होता तो थकून नव्हे. बंद केला आणि टीम जिंकली. मी बळजबरीने समोर बसवलं आणि टीम हरली, आणि मी शेजारी टाळ्या पिटत होते. त्या गुरुवारी फोनवर भाऊजी तुमच्याकडे म्हणाले होते, यांनी ऐकलं होतं स्वतःचं नाव. मी म्हटलं, अहो, तो कोचच अडाणी आहे, सगळा गाव तेच म्हणतोय. मी म्हटलं, ती लाईन कच्ची आहे, तुम्हीच नाही का सांगितलंत? ते माझ्याकडे बघत होते, लहान मुलाच्या बोलण्याकडे बघावं तसे. मला रडू फुटलं. बाहेर जाऊन एकेकाला बखोटीला धरून बर्फात काढावं असं वाटत होतं, आणि त्यांना काढलं तर यांच्याकडे यायला उरतं कोण, हेही कळत होतं.

तेवढ्यात बाहेर एकच गलका झाला. भाऊजी ओरडत होते, कुणी उठू नका रे, जागा सोडू नका. टीमने टचडाऊन केला होता, एकदम सहा पॉइंट्स.

यांनी ते ऐकलं. माझं मनगट सोडलं आणि मान हलवली. बघ, सांगत होतो ना, अशी. मग दाराकडे हात करून ते ओढून घ्यायची खूण केली, बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून.