बरोबर निघालेला आकडा

सोल्वायचे वडील दूधसंघाचा टँकर चालवायचे. डेन्मार्कमध्ये, युटलंडच्या पश्चिम भागात, व्हेस्टरलुंड गावात संघाची चीजची डेअरी होती आणि गावातली निम्मी घरं तिच्यावर चालायची. थोरला भाऊ एगॉन शाळा सुटल्या सुटल्या त्या डेअरीत लागला, तो तिथलाच झाला. पुढे चीज बनवणाऱ्यांचा मुख्यही झाला. सोल्वायचं डोकं हिशेबी. ती आरहूस शहरात जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि त्याच दूधसंघाच्या मुख्य ऑफिसात, आयटी विभागात चिकटली. "एक दुधाचं चीज करतो, दुसरी त्या चीजचे आकडे करते," असं वडील चारचौघांत मिरवायचे. दोन्ही मुलं संघात, याचा त्यांना कोण अभिमान.

ऑफिसात बिझनेसवाले वरच्या मजल्यावर आणि आयटीवाले खाली. दोघांचं कधी धड जमलं नाही. वरचे म्हणायचे, मागितलेली माहिती वेळेवर मिळेल तर शपथ. खालचे म्हणायचे, आधी तुम्हाला काय हवंय ते तरी ठरवा. शेवटी संघाने सोल्वायला मध्ये बसवलं. वरून प्रश्न आला की ती मेल-बिल न करता सरळ त्या माणसासमोर जाऊन बसायची आणि विचारायची, "हा आकडा हातात आला की तुम्ही काय करणार?" बरेच जण तिथेच गडबडायचे. ज्यांना सांगता यायचं, त्यांचं काम ती खाली जाऊन मनापासून करून घ्यायची. आयटीचा प्रमुख फ्लेमिंग हसून म्हणायचा, "बाई, तू नसतीस तर आम्ही या वरच्यांना कधीच जिन्यावरून ढकलून दिलं असतं."

तिला ते काम आवडायचं. इतकं, की लग्नाबिग्नाचं राहून गेलं त्याचंही तिला फार वाटलं नाही. सणासुदीला एगॉन आणि बोदिलवहिनीकडे गेलं की झालं.

एका जानेवारीत वरच्या मजल्यावरचा यान्निक तिच्या टेबलाशी आला. नवा होता, वागायला गोड. त्याला प्रत्येक डेअरीचा एक आकडा हवा होता: तिथलं काम मोठ्या कारखान्यात हलवलं तर किलोमागे किती वाचेल.

"आकडा मिळाल्यावर काय करणार?" तिने सवयीने विचारलं.

"अजून काहीच ठरलेलं नाही," यान्निक म्हणाला. "नुसतं बघतोय. पण यातलं बाहेर कुणाला सांगायचं नाही हं. घरीसुद्धा नाही."

फ्लेमिंगला तिचं गाव माहीत होतं. त्याने तिला बाजूला घेतलं. "हे दुसऱ्या कुणाला देऊ का? खरंच सांग. कुणी काही म्हणणार नाही."

"नको," ती म्हणाली. "दुसरा कुणी घाईत करेल. माझ्या हातून निदान व्हेस्टरलुंडवर अन्याय तरी होणार नाही."

आणि तिने तो होऊ दिला नाही. दुधाची वाहतूक, वीज, दुरुस्ती, जुन्या यंत्रांचा घसारा, सगळं तिने पुन्हा पुन्हा तपासलं. जिथे थोडी सूट देता येत होती तिथे व्हेस्टरलुंडला दिली. खरं सांगायचं तर ती चूक शोधत होती. एखादी भली मोठी चूक सापडावी, म्हणून तिने आयटीवाल्या पोरांचा जीव नकोसा केला. चूक सापडली नाही. आकडा बरोबर होता, आणि व्हेस्टरलुंडचं काम हलवण्यातच सगळ्यांत जास्त वाचत होतं.

ती वर जाऊन यान्निकला म्हणाली, "यात तिथल्या माणसांचं काहीच आलेलं नाही. त्या चीजला जी चव आहे, तिचं काही आलेलं नाही. मला ते मोजता येत नाही."

"तू नको मोजूस," यान्निक समजुतीने म्हणाला. "ते बघायचं काम आमचं. तू आकडे दे, बाकीचं बिझनेस बघेल."

तिला बरं वाटलं. कुणीतरी बघणार होतं.

ईस्टरचं जेवण एगॉनकडे. कोकराचं मांस, नवे बटाटे, हेरिंग मासे, श्नॅप्स दारूचे छोटे पेले. एगॉन खुशीत होता. त्याचं एक नवं चीज तळघरात मुरत होतं. "अजून कुणाला सांगत नाही, पण जमलंय बघ सोल, जमलंय," असं तो दोनदा म्हणाला. बोदिल भांडी आवरता आवरता हळूच म्हणाली, "अगं, गावात काहीबाही उठलंय डेअरीबद्दल. तुझ्या ऑफिसात काही कानावर आलंय का?"

"नाही गं, नेहमीचंच चाललंय," सोल्वाय म्हणाली आणि पुसायला पुढची ताटली घेतली.

जूनमध्ये यान्निक व्हेस्टरलुंडच्या डेअरीत गेला. कँटीनमध्ये सगळे पांढऱ्या टोप्या घालून उभे. वर्षअखेरीस डेअरी बंद होणार, असं त्याने सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "हे आकडे कुणी काढले? कधी इथे येऊन बघितलंय का?" तेव्हा यान्निकने अगदी चांगल्या मनाने सांगून टाकलं, "तुमच्याच गावच्या माणसाने काढलेत. एगॉनची बहीण सोल्वाय. त्यामुळे तुमच्यावर अन्याय झालेला नाही, याची खात्री बाळगा."

सगळी कँटीन एगॉनकडे वळून बघायला लागली. बोदिल म्हणते, तो घरी आला तेव्हा ती पांढरी टोपी तशीच डोक्यावर होती.

त्याच संध्याकाळी सोल्वाय गाडी घेऊन गेली. एगॉन स्वयंपाकघरात बसला होता. तो ओरडेल, हाकलून देईल, अशी तयारी करूनच ती आली होती. तो म्हणाला, "ये. बस. कॉफी घेणार?" मुख्य ऑफिसातल्या पाहुण्याला विचारावं तसं.

"एगॉन, मी..."

"आकडा चुकलाय का?"

"नाही."

"मग झालं तर. त्यात भांडायचं काय?" त्याने कॉफी ओतली. कप तिच्यापुढे सरकवत विचारलं, "ठरवलं कुणी पण?"

तिने सांगितलं. प्रश्न बिझनेसचा असतो. माहिती आयटी काढून देतं. तिने ती नीट लावून दिली. यान्निकने ती संचालकांपुढे ठेवली. संचालक म्हणाले, आकडे बोलतायत, आम्ही काय करणार.

"म्हणजे कुणीच नाही," एगॉन म्हणाला.

तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"बोदिलने तुला ईस्टरला विचारलं होतं," तो कपाकडे बघत म्हणाला. "डेअरीचं राहू दे गं. गेली ती. पण तू आमच्यात बसून जेवलीस, सोल."

ती म्हणाली, सांगायची परवानगी नव्हती. म्हणताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. एगॉनने मान हलवली. दारापर्यंत सोडायला आला. एरवी तो तिच्या खांद्यावर थाप मारायचा. त्या दिवशी त्याने हात पुढे केला. सख्ख्या भावाने असा हात मिळवला आणि ती गाडीत बसून कितीतरी वेळ किल्ली हातात घेऊन राहिली.

डेअरी ठरल्याप्रमाणे बंद झाली. एगॉनला मोठ्या कारखान्यात घेतलं, पण तिथे चीजला हात लावायचा नाही, पडद्यावरचे दिवे बघत बसायचं. त्याने ते सोडलं आणि शाळेत शिपायाचं काम धरलं. सोल्वायने वरच्या मजल्यावर जाणं सोडलं. फ्लेमिंगला सांगून ती खाली यंत्रांची देखभाल करायला लागली. वाढदिवसाला ती फोन करायची. एगॉन "बरंय, तुझं कसं?" म्हणायचा आणि फोन बोदिलकडे द्यायचा. नाताळला बोलावणं यायचं, पण तेही बोदिलचं. एकदा ती गेली, पुन्हा गेली नाही.

चौथ्या हिवाळ्यात, शाळेच्या अंगणातला बर्फ काढताना, एगॉन खाली बसला तो उठला नाही.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी आणि केक होता. बोदिल सोल्वायजवळ आली. "त्याने तुला कधी नावं ठेवली नाहीत, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली. "रात्री माझ्याजवळसुद्धा नाही. तुझा विषय निघाला की उठून जायचा, एवढंच." बोदिलला धीर द्यायचा होता. सोल्वायने तिचा हात धरून ठेवला.

निघताना डेअरीतला एक जुना माणूस कोट घालता घालता तिच्यापाशी थांबला. त्याच्या नातीला आरहूसला जाऊन हेच शिकायचं होतं, कंपन्यांचे आकडे काढायला. "तुला विचारीन म्हणत होतो," तो म्हणाला. "चांगलं काम आहे का गं ते?"

सोल्वायने तोंड उघडलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पाठवा तिला." आणि मग तिथे सगळ्यांसमोर ती रडायला लागली, आणि कुणालाच तिच्याजवळ कुणी जायचं ते कळेना.