पाहुणे, पाणी घ्या

कुलूपवाल्याला कुठलंही कुलूप उघडता येतं, फक्त स्वतःचं तोंड तेवढं उघडत नाही, असं त्याची बायको म्हणायची. खोटं नव्हतं ते. जिन्याखालचं त्याचं दुकान म्हणजे दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या लटकलेल्या, बोटांच्या पेरांत पितळेचा कीस अडकलेला. गिऱ्हाईक बोलायचं आणि हा कानस चालवायचा.

पण हेच तोंड एकदा उघडलं, आणि उघडलं तेही नको तेव्हा. वडील गेले तेव्हा थोरला भाऊ जहाजावर होता, इंजिनाच्या खोलीत. कळल्यावर धडपडत घरी पोचेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. वडिलांच्या उशाशी जागून जागून धाकट्याचं डोकं भणभणलेलं. थोरला बॅग हातात धरून दारात उभा राहिला, आणि भरल्या घरात हा मोठ्यानं म्हणाला, "पाहुणे आलेत. कुणीतरी पाणी द्या त्यांना."

थोरल्यानं बॅग खाली ठेवलीच नाही. आल्या पावली परत गेला. त्यानंतर लग्नाकार्यात गाठ पडली तरी दोघं एकमेकांच्या शेजारून असे जात, जणू जन्मात कधी ओळखच नव्हती. कुलूपवाल्याला वाईट वाटत नव्हतं का? रोज वाटत होतं. पण भावाकडे जायचं म्हटलं की पाय उचलायचे नाहीत. अहो, असतात अशी माणसं!

सायकल त्यानं धरली ती पोट कमी करायला. पोट राहिलं बाजूला, सायकलचं वेडच लागलं. दर वर्षी एक मोठी फेरी निघायची. शहरातून निघून डोंगर ओलांडायचे, समुद्राकाठानं फिरून परत शहरात यायचं. सगळं एकट्यानं. नियम कडक. वाटेत जे सगळ्यांना मिळेल ते खुशाल घ्या, पण ओळखीच्या माणसानं खास तुमच्यासाठी आणलेला पाण्याचा घोटसुद्धा चालणार नाही. घेतलात की बाद. ही फेरी त्यानं दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा घाटातच हात टेकून बसनं घरी आला. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, 'बसवाले'.

यंदा मार्ग बदलला. दुकानात नकाशा पसरला आणि त्याचं बोट एका जागी थांबलं. डोंगर उतरल्यावर रस्ता थेट थोरल्याच्या फाटकावरून जात होता.

"अहो, आता तरी थांबाल ना तिथे?" बायकोनं विचारलं.

"नाही थांबता येत. नियम आहे."

"घ्या! तुम्हाला आयतंच निमित्त मिळालं."

हे त्याला झोंबलं, कारण ते खरं होतं. फेरी पुरी करायची होतीच, पण त्या फाटकावरून मान खाली घालून जायचं की नाही, हा खरा घोर होता.

घाट त्यानं या वेळी काढला. चढावर मांड्या पेटल्या, उतारावर ब्रेक आवळून आवळून बोटं आखडली, पण शेवटचं वळण संपलं आणि खाली समुद्र दिसला तेव्हा तो एकटाच हसला. बसवाले म्हणतात काय! म्हणा आता!

समुद्राकाठी मात्र समोरून वारं. वादळानं सगळीकडची वीज गेलेली, दुकानांची शटरं खाली. बाटलीत थेंब नाही. जीभ टाळूला चिकटलेली, आणि अशात ते फाटक आलं.

फाटकाबाहेर टेबल मांडलं होतं. त्यावर पाण्याचे जग, उकडलेले बटाटे, पाव, आणि पाटीवर थोरल्याचं ठसठशीत अक्षर, 'सगळ्या सायकलवाल्यांसाठी'. फेरीत सायकल चालवणारी एक नर्सबाई तिथे आधीच बटाटे हाणत बसली होती. हा कट कुणाचा ते कळायला कुलूपवाल्याला वेळ लागला नाही. नवऱ्यांनी अबोला धरला म्हणून जावाजावांचे फोन थोडेच थांबतात!

हँडल आपोआप वळलं, असं तो पुढे सांगायचा. हँडल कधी आपोआप वळत नसतं. त्यानं वळवलं.

"भावो..." वहिनी ओरडणार होती, तोच थोरल्यानं तिला डोळ्यांनी दटावलं.

"तुमच्या ओळखीचे का हे?" नर्सबाईनं विचारलं. "मग जपून हं, बाद करतील."

"ओळखीचे? छे!" थोरला म्हणाला. "सगळ्या गोतावळ्याला विचारा. गेली कित्येक वर्षं हा माणूस मला ओळखत नाही आणि मी याला ओळखत नाही."

मग त्यानं त्याच जगातून ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"पाहुणे, पाणी घ्या."

कुलूपवाल्यानंही ग्लास दोन्ही हातांनी घेतला. शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायला. डोळे भरून आले, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आणखी देऊ?"

"द्या," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा भावाला अहोजाहो केलं. "तेव्हा मी... माझं चुकलं..."

"ओळख काढू नका," थोरल्यानं अडवलं. त्याचाही आवाज धड नव्हता. "नियमात बसत नाही. आधी फेरी पुरी करा."

त्यानं पुरी केली. वारं तसंच समोरून होतं, गुडघे तसेच बोंबलत होते, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. आपण शिट्टी वाजवतोय हे त्याला शहराच्या वेशीवर कळलं. फेरीच्या आयोजकांनी त्याच्या नावापुढे 'पूर्ण' असा शिक्का मारला, तेव्हा गल्लीतल्या टाळ्या टिपेला गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. दार वाजलं. दारात थोरला, हातात बॅग.

"बसनं आलो," तो म्हणाला. "नाव आता मला लावा."

कुलूपवाल्याची बायको लगबगीनं पाणी आणायला वळली.

"थांब!" कुलूपवाला ओल्या पायांनी तसाच उठला. भावाच्या हातातली बॅग त्यानं ओढून घेतली आणि खाली ठेवली. "याला कशाला पाणी द्यायचं? घरचा आहे तो. दादा, पाणी कुठे असतं ते तुला माहीत आहे. जा, तुझं तू घे."

आणि थोरला स्वयंपाकघरात गेला.