आमच्या बँडचे मुंबईचे मास्तर

लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरात भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त. भांडी निदान घासून जागेवर जातात, किस्से नुसते साचत राहतात. आजवर मी ते हसत हसत सांगत आले. आता तसं हसू येत नाही, पण सांगते.

आमचे हे क्लॅरिनेट वाजवतात. बँड माझ्या धाकट्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा. नव्या चाली मात्र मी बसवते. माझे वडील कीर्तनात पेटीची साथ करायचे, तो कान मला आला. ऐकलेली चाल मी वहीत स्वरांनी उतरवते आणि भाकऱ्या थापता थापता ह्यांना गाऊन शिकवते.

चाली मिळतात कर्जत स्टेशनाजवळच्या हॉटेलातल्या फोनोच्या तबकड्यांवर. बाईमाणसानं हॉटेलात कसं बसायचं? म्हणून मी समोरच्या नळावर कळशी लावते. गाणं संपायच्या आत ती भरली, की ओतून पुन्हा लावते. एकदा मागची बाई वैतागली.

"अगं ये, तुजी कळशी फुटकी हाय का गं?"

"फुटकी नाही हो," मी म्हटलं, "शेवटचं कडवं राहिलंय!"

*

माझ्या आवडीचं ऐकायचं तर भिवपुरीला जावं लागतं. मामेबहिणीचे यजमान तिथे वीजघरात आहेत, त्यांच्या क्वार्टरमध्ये रेडिओ आहे. सध्या मला रागदारीचंच वेड लागलंय. मध्यंतरी तिथे पूरिया ऐकला आणि परतीच्या वाटेवर कुणाशी बोलावंसंच वाटेना. घरी येऊन त्यातून वरातीपुरती एक छोटी गत बांधली. ह्यांनी ती सुरेख वाजवली. भाऊजींनी डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, जमलं!

डोळे उघडून म्हणाले, "छान आहे. कुणी वारलं तर वाजवू."

*

चौकच्या एका लग्नात मुलीचा बाप फारच खूश झाला.

"बाजा झ्याक हाय! चाली कोन बसवतं रं तुमच्या?"

मी बायकांत उभी होते. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या गृहस्थांकडे.

"आमचे मुंबईचे मास्तर!"

परतताना बैलगाडीत मी विचारलं, "भाऊजी, हे मास्तर कोण?"

"वहिनी, घरच्या बाईचं नाव सांगितलं तर आपल्याला बोलावेल कोण?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तसं खोटं नाही. मुंबईला तू एकदा गेलीच आहेस की!"

*

बँडची नवी पाटी रंगवायला टाकली, तेव्हा मी धीर करून बोलले. "एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत, माझं नाव घालाल? एवढंच मागते."

हे क्लॅरिनेटची पत्ती तोंडात ओली करत बसले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाटीवर जागाच नाही उरली."

पाटी आली. तिच्यावर दोन वाघ होते, एकेका बाजूला एकेक. आमच्या बँडमध्ये वाघ वाजवतात, हे मला तेव्हा कळलं!

*

जर्मन-जपानशी चाललेली लढाई संपली आणि लग्नं पुन्हा थाटात होऊ लागली. खालापूरकडच्या एका जमीनदारांनी हट्टच धरला, "तुमच्या मास्तरांना घेऊन या. मांडवात त्यांचा सत्कार करायचाय." आम्हालाही घरच्यांसकट आमंत्रण.

मास्तर म्हणून उभं करायला भाऊजींनी दामूअण्णांना गाठलं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट कलेक्टर. केस पांढरे, कोट काळा, गाण्याशी संबंध नाही.

अण्णा पाटावर बसले. शाल आली, नारळ आला. यजमान म्हणाले, "ओवाळायला सुवासीण कोण?"

"ह्या काय, आमच्या वहिनी!" भाऊजी म्हणाले, आणि माझ्या हातात तबक आलं.

ह्यांची नजर खाली. मी अण्णांच्या कपाळाला कुंकू लावायला वाकले, तसे ते घाबऱ्या आवाजात कुजबुजले, "वहिनी, मी काय वाजवतो म्हणून सांगू?"

"काही सांगू नका, अण्णा," मी म्हटलं. "मान तेवढी डोलवा."