कमरेला बांधलेली शेळी

"आधी मला द्या," असं म्हणून ते उजवा हात पुढे करत. चाळीत कुणी उंदरांसाठी औषध आणलं, ढेकणांसाठी काही आणलं, की हा हात पुढे आलाच म्हणून समजा. "मला काही झालं नाही, तर मग खुशाल टाका." आणणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळत असे.

आमच्या नौपाड्यातल्या चाळीत त्यांना सगळे बेलिफकाका म्हणत. उभा जन्म कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारावर चिकटवण्यात गेला, आणि पेन्शनीत निघाल्यावर आता कुणाचीही नोटीस मानायची नाही, असं ठरवूनच बसले होते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, पण त्याचा एवढा मनापासून उपभोग घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

काकू आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी शेळीचं दूध सांगितलं. कोपरीहून मीठ विकायला येणाऱ्या आगरी बाईनं एक काळी शेळी आणि तिचं करडू आणून दिलं. काकू काही वाचल्या नाहीत. शेळी-करडू राहिली, आणि त्या दोघांशी बोलत काका राहिले.

चाळीमागे मालकांनी हौसेनं घाणेरीचं कुंपण लावलं होतं. फुलं रंगीत आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून. तुम्ही घाणेरी पाहिली असेल, तर पुढचं सांगायला नको. कुंपण सोडून ती विहिरीपर्यंत आली. मालकांच्या माळ्यानं एकदा ती छाटली आणि फांद्या तिथेच टाकल्या. सुकत आलेला तो विषारी पाला करडानं खाल्ला. काही दिवस ते उन्हाला डोळे मिटून उभं राहायचं, मग गेलं. काकूंनी त्याचं नाव ठेवलं होतं. ते नाव काकांनी पुन्हा घेतलं नाही.

त्यानंतर मालकांचा निरोप आला: घाणेरीवर सोमलाचं पाणी ओतणार, शेळी हलवा.

शेळी हलवणार कुठे? खोलीत एक खाट आणि एक चूल. सकाळी माळी बादली घेऊन आला, तर काका झुडपासमोर पाट टाकून बसलेले. शेळीचं दावं त्यांच्याच कमरेला बांधलेलं, हातात पितळी पेला.

"आधी मला द्या."

"काका, जहर आहे हो हे!"

"म्हणून तर मागतोय. तिला नको म्हणायला जीभ नाही. मला आहे."

माळ्यानं बादली खाली ठेवली आणि मालकांना बोलावून आणलं. मालक तापलेच होते. "बेलिफ, तुम्हाला कायदा सांगायला हवा का? जागा माझी आहे."

"जागा तुमची. विहीर सगळ्यांची. शेळी माझी."

"मग हे रान काढणार कोण?"

"मी. पावसाच्या आत. एक खुंट राहिला, तर शेळीही घालवीन आणि खोलीही सोडीन."

ती खोली सोडून जायला काकांना या जगात दुसरं ठिकाण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पहार सुरू झाली. शेळी कमरेलाच. खांबाला बांधली तर दावं कुरतडायची आणि खोलीत कोंडली तर चाळ डोक्यावर घ्यायची. "कमरेला असली, की तिची मान कुठे वळतेय ते मला पाठीत कळतं," ते म्हणत. तोडलेली फांदी जमिनीवर पडायची नाही, थेट पोत्यात. शेळीला आत नेऊन दार लावलं, की मग ते पोतं जाळायचं. मुळं खणून काढायची, वरवर कापायचं नाही. काट्यांनी हात सोलवटून निघाले. ऐन पहार मारताना शेळी हिसका द्यायची आणि काका धपकन बसायचे. "प्रतिवादी, शांत राहा!" असं ओरडायचे. गॅलरीतून लोक हसायचे. आमच्या चाळीत सल्ला फुकट मिळायचा, हात मिळायचा नाही. मला त्या हसणाऱ्यांचा अजून राग येतो. मी खाली उतरलो तेव्हा काकांनी आभारबिभार मानले नाहीत. "पोतं धर," म्हणाले.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मालक पाहणीला आले. सगळं अंगण फिरले. भिंतीच्या बुडाशी एक कोंब होता. त्यांनी छडीनं तो दाखवला. "आणि हे?"

काका गुडघ्यावर बसले. कोंब मुळासकट उपटला आणि मालकांच्या हातात दिला. "जाळा. कुणाच्या शेळीपुढे टाकू नका."

मालक कोंब हातात धरून गेले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे काही वर्षांनी काका झोपेतच गेले. शेळी म्हातारी झाली होती. मिठाची आगरी बाई म्हणाली, "मी न्हेते तिला." दावं हातात धरून ती ओढू लागली. शेळी जागची हलेना. गॅलरीतून सल्ले सुरू झाले. पाला दाखवा, मागून ढकला.

"बाई," मी म्हणालो, "कमरेला बांधून बघा."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि दावं लुगड्यावरून कमरेला गुंडाळलं. "चल गो बाय माझे."

शेळी निघाली. माझ्या डोळ्यांना धार लागली ती तेव्हा, काकांना नेलं तेव्हा नव्हे. मोकळ्या अंगणातून ती बाईच्या मागे मागे गेली, आणि फाटकाशी एकदा मान वळवून थांबली. पाठीत ओढ लागली तशी बाईही थांबली.